तुम्ही विचारलंत म्हणून: मूल रडलं की मी दगड का होते?

"माझ्या लहानपणी मारहाण नव्हती, खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. मग लेकरू रडलं की मी अशी थिजते का?" आया हे वारंवार विचारतात.

घरात जे झालं ते आठवतं; जे झालंच नाही ते कसं आठवणार? रडताना कुणी जवळ घेतलं नाही, "काय झालं?" असं विचारलं नाही, याची आठवण बनत नाही. शरीर मात्र रडू गिळायला शिकतं. मुलाचं रडणं ऐकलं की तीच सवय जागी होते.

म्हणून आधी स्वतःला सावरा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, तीन-चारदा. सोडायचा श्वास लांब हवा, कारण तेव्हा हृदयाची गती उतरते. मनात एवढंच म्हणा: "जबडा आवळलाय." भावनांची नावं लहानपणी कुणी शिकवलेलीच नसतात, त्यापेक्षा शरीर ओळखणं सोपं. मग मुलाला एक वाक्य: "मनोरा पडला, राग आला ना?" आणि गप्प बसा. इथेच बहुतेकींचं चुकतं. प्रश्नांची सरबत्ती होते किंवा घाईने तोडगा पुढे केला जातो. ते रडणं आईलाच सोसवत नसतं.

काहीजणी उलट टोक गाठतात, "नाही" म्हणणंच सोडतात. "राग येऊ दे, पण ताईला मारू देणार नाही," एवढं पुरतं.

आणि ओरडलात तर? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना तान्ह्या बाळासमोर काही मिनिटं निर्विकार बसायला सांगितलं. बाळं आधी हसून, हातवारे करून आईला बोलवत. मग मान फिरवत. ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामातून दिसलं, की चांगल्या मायलेकरांचेही सूर सतत चुकतात. महत्त्व असतं ते पुन्हा जुळण्याला. तेव्हा शक्यतो त्याच दिवशी, मुलाच्या उंचीला बसून सांगा: "मी ओरडले. चूक माझी. पुढच्या वेळी आधी थांबायचा प्रयत्न करेन." त्यात "पण तूही" नको. "आईवर रागावला नाहीस ना?" हे तर मुळीच नको, आईला सांभाळायचं ओझं मुलावर येतं.

तुमचं स्वतःचं दुःख वेगळं. आपण ज्या वयात एकटे पडलो, मूल त्या वयाचं झालं की ते दुःख अनेकदा उसळतं, कधी मुलाचाच हेवा वाटतो. हेवा वाटला म्हणून तुम्ही वाईट आई ठरत नाही. रोज पाच मिनिटं वहीत एक प्रसंग आणि एक भावना लिहा. जड झालं तर समुपदेशक गाठा. सलग दोन आठवडे उदासी राहिली तर मानसोपचारतज्ज्ञ, आणि स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी.