हेल्मेट, घामोळं आणि टाळूचं तेल

आमच्या लेकीचं, चिऊचं डोकं मागून उजव्या बाजूला चपटं होतंय, हे पहिल्यांदा माझ्या आईच्या लक्षात आलं, तेही साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर. "सारखं एका कुशीवर निजवता का रे तिला?" कुशीवर निजवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ प्लेनोत राहतो. इथे बाळ घेऊन घरी निघायच्या आधीच बजावतात : पाठीवरच निजवायचं, पाळण्यात उशी नको, पांघरूण नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळाला पालथं न निजवण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. त्याबरोबर चपट्या डोक्याची बाळंही वाढली. आई बाळंतपणाला येताना शिवून आणायची म्हणत असलेली मोहरीची उशी त्यामुळे मी फोनवरच नाकारली होती. ती यावर बरेच दिवस रुसलेली होती.

चिऊच्या मानेचा डावा स्नायू आखडलेला होता, म्हणून ती कायम उजवीकडे बघायची. फिजिओथेरपी झाली, पालथं घालून खेळवणं झालं, पाळण्याची दिशा बदलून झाली. मान सुटली, डोकं मात्र फारसं बदललं नाही. डोक्याचे दोन तिरके व्यास मोजतात, त्यांत १३ मिलिमीटरचा फरक निघाला.

डोक्याचा आकार सुधारावा म्हणून अशा बाळांना घालतात ते हेल्मेट घ्यायचं की नाही यावर घरात खूप चर्चा झाली. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर चाचणी झाली होती, २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा निकाल आला. दोन वर्षांच्या वयापर्यंत डोकं पूर्ण सुधारलेली मुलं हेल्मेटच्या गटात २६ टक्के, काहीच न केलेल्या गटात २३ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. शिवाय हेल्मेटवाल्या आईबापांपैकी ९६ टक्क्यांनी त्वचेचा त्रास सांगितला होता. पण मान आखडलेली बाळं त्या चाचणीत घेतलीच नव्हती. उलट अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, की व्यायाम आणि कूस बदलून फरक पडला नाही आणि विकृती मध्यम ते तीव्र असेल, तर हेल्मेट द्यावं. आमची केस यात बसत होती. विमा कंपनीशी झालेली पत्रापत्री मी इथे लिहीत नाही, ती वाचून कोणाचंच भलं होणार नाही. शेवटी मे अखेरीस हेल्मेट आलं. माझी रजा सुरू होती, म्हणून हेल्मेटखातं माझ्याकडे.

बाहेरून प्लॅस्टिकचं कवच, आतून फोम. हेल्मेट डोकं दाबून गोल करत नाही, हे मला आधी कळलं नव्हतं. जो भाग पुढे आलाय तिथे ते नुसतं टेकून राहतं आणि जो चपटा आहे तिथे आत पोकळी ठेवतं. डोकं वाढतं तसं ते मोकळ्या जागेत वाढतं. म्हणजे फोम कुठे टेकणार हे आधीच ठरलेलं असतं. चिऊच्या बाबतीत उजवं कपाळ आणि मागची डावी बाजू. हेल्मेट बसवून देणाऱ्या तज्ज्ञाने, म्हणजे ऑर्थोटिस्टने, पहिल्याच दिवशी तिच्या डोक्याच्या स्कॅनवर ती दोन ठिकाणं दाखवली. "इथे लालसर दिसणारच. दुसरीकडे कुठे दिसलं तर मला फोन करा." त्याचं हे एक वाक्य पुढे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

सुरुवात हळूहळू करायची असते. पहिल्या दिवशी एक तास घालायचं, एक तास काढायचं. दुसऱ्या दिवशी दोन तास घालायचं, एक तास काढायचं. मग चार, मग आठ, आणि पाचव्या दिवसापासून २३ तास. उरलेल्या एका तासात अंघोळ, डोकं धुणं, हेल्मेट धुणं-वाळवणं आणि त्वचा तपासणं. दरवेळी काढलं की डोकं नीट बघायचं. दाबामुळे आलेला लालपणा तासाभरात गेला पाहिजे. गेला नाही तर हेल्मेट परत घालायचं नाही, थेट फोन करायचा. फोड आला किंवा कातडं निघालं तर तर नाहीच नाही.

आता यात एक गोष्ट आम्हाला दिलेल्या कागदावर नव्हती. कागदावरच्या फोटोत गोरं बाळ होतं आणि त्याच्या कपाळावर स्पष्ट गुलाबी पट्टा. चिऊ माझ्यावर गेलीय, सावळी. तिच्या कपाळावर गुलाबी काही दिसत नाही, किंचित गडद, जांभळट तपकिरी छटा येते, आणि रात्रीच्या पिवळ्या दिव्यात तीही दिसत नाही. म्हणून तपासणीचा तास आम्ही संध्याकाळवरून सकाळी आणला, खिडकीशी. बोटाच्या मागच्या बाजूने ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागते का, बोट फिरवल्यावर फुगलेली किंवा टणक लागते का, हे बघायचं. हेल्मेट काढल्या काढल्या एक फोटो आणि तासाने त्याच जागेवरून, त्याच उजेडात दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्यांना न दिसलेलंही दिसतं. ऑर्थोटिस्टला हे फोटो इतके आवडले, की पुढच्या प्रत्येक भेटीत तो आधी फोनच मागायचा.

जून उजाडला आणि बाहेर ३८ अंश. दाबाचा लालपणा दूर राहिला, आधी घामोळं आलं. टाळूच्या मागे आणि मानेवर बारीक बारीक पुरळ, हात फिरवला की खरखरीत. बाळाच्या डोक्यातून बरीच उष्णता बाहेर पडते. ती वाट अडली की सुरुवातीला बाळ घामाने निथळतं, मग आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. तोवर उपाय एकच, कोरडं ठेवणं. डोकं ओलं लागलं की हेल्मेट काढायचं, डोकं पुसायचं, आतला फोम पुसायचा, दोन मिनिटं पंख्याखाली धरायचं आणि परत घालायचं. दिवसातून कितीही वेळा. पुसायला आईने आणलेले आबांच्या जुन्या धोतराचे तुकडे होते. इथल्या दुकानातला एकही रुमाल त्यांच्याइतका घाम टिपत नाही. कपड्यांचा एक थर कमी केला, घरात नुसतं सुती झबलं. गाडी आधी थंड करून मगच तिला सीटवर बसवायचं. हेल्मेट मात्र उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवायचं नाही, कवचाचा आकार बिघडू शकतो.

आई जूनच्या मध्यावर आली. येताना घाण्याचं खोबरेल घेऊन आली होती, टाळू भरायला. तिने आम्हा दोघा भावंडांची टाळू भरली, माझ्या चुलत भावंडांची भरली, आणि आता सातासमुद्रापलीकडे येऊन नातीच्या टाळूला तेल लावायचं नाही म्हणजे काय? "अरे, डोकं कोरडं पडून पुरळ आलंय तिला. चार थेंब तेल घातलं की बसेल." मला आईशी वाद घालायचा नव्हता आणि तेलही लावू द्यायचं नव्हतं. कारण हेल्मेटखाली तेल, मलम, पावडर यातलं काहीच चालत नाही. तेल आणि मलम घाम आतच कोंडतात, कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी फोमशी घासून लवकर सोलते. ते फोममध्ये मुरतं आणि मग निघत नाही. पावडरीचे घामात गोळे होतात आणि तेच टोचतात. शेवटी तिला मी पुढच्या भेटीला बरोबरच नेलं. ऑर्थोटिस्टने फोमचा एक कापलेला तुकडा तिच्या हातात दिला, त्यावर बोटाने क्रीम लावून दाखवलं आणि म्हणाला, आता हे पुसून काढा. तिने पदराने घासघास घासलं. परतीच्या वाटेत ती म्हणाली, "मग पायांना तरी लावू का?" पायांना, पाठीला, पोटाला रोज तेल लागलं. चिऊला ते फार आवडायचं. जावळाचा विषयही तिथेच मिटला : मधेच डोकं भादरलं तर हेल्मेट सैल होतं आणि उगवणारे खुंट टोचतात, म्हणून ते हेल्मेट सुटल्यावर.

वासाबद्दल कोणी आधी सांगत नाही. आठवड्याभरात हेल्मेटला असा आंबूस वास येतो, की लेकीचा पापा घेताना श्वास धरावा लागतो. आम्हाला सांगितलेली पद्धत अशी : आतून ७० टक्क्यांच्या रबिंग अल्कोहोलने पुसायचं, कडांना आणि छिद्रांना मऊ टूथब्रशने घासायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. पूर्ण म्हणजे नाक लावल्यावर अल्कोहोलचा वास येता कामा नये. ओलसर घातलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि हा लालपणा ठरलेल्या दोन जागी न येता सगळीकडे सारखा पसरतो. आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झालं होतं, त्यांना वाटलं फोमची ॲलर्जी आहे. म्हणून आम्ही धुण्याचा क्रम पक्का केला. आधी हेल्मेट पुसून टेबलफॅनसमोर ठेवायचं, मग अंघोळ, बिनवासाच्या बेबी शाम्पूने डोकं, मग केस अगदी मुळापर्यंत कोरडे. चिऊचं जावळ दाट, त्याला वेळ लागायचा. तोवर हेल्मेटही वाळलेलं असायचं.

सहा महिन्यांच्या लशी टोचल्या त्या रात्री ताप आला. ताप असेल तर हेल्मेट काढून ठेवायचं, हे ठरलेलं होतं. ती रात्र ती उघड्या डोक्याने झोपली आणि आम्हाला तिचं डोकं विचित्र लहान वाटलं.

जुलैत मानेच्या घडीत वेगळंच काहीतरी आलं. घामोळ्यासारखं खरखरीत नव्हतं. ओलसर, चकाकणारं, गडद लाल, आणि मुख्य डागाच्या कडेला सुटे सुटे ठिपके. आईने एका नजरेत सांगितलं, "हे घामोळं नव्हे." बालरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितलं : बुरशीचा संसर्ग, लाळ आणि घाम साचून होतो. त्यांनी लिहून दिलेलं बुरशीवरचं मलम मानेलाच लावायचं होतं. ऑर्थोटिस्टने हेल्मेटची मागची कड थोडी घासून वर घेतली, म्हणजे ती मलमाला लागू नये. इथे नुसत्या कोरडं ठेवण्याने भागलं नसतं आणि साध्या घामोळ्यावर हेच मलम लावून काही उपयोग झाला नसता. त्वचेच्या त्रासात पहिलं काम औषध शोधण्याचं नसतं, हा लालपणा कोणत्या जातीचा आहे ते ओळखण्याचं असतं. तो एकाच जागी, ठळक कडेचा आहे? टिपक्याटिपक्यांचा आहे? सगळीकडे सारखा आहे? तासाभरात जातोय की नाही?

एकदा उजव्या कानाच्या वर डाग दिसला. ठरलेल्या दोन जागांपैकी ही नव्हे, आणि तासानंतरच्या फोटोतही तितकाच गडद. आम्ही हेल्मेट घातलं नाही आणि फोन केला. दोन दिवस भेट मिळेना. फोनवर एक बाई सांगत होत्या, की सगळ्यांनाच लाल होतं, घालून ठेवा. मी दोन्ही फोटो पाठवले आणि ऑर्थोटिस्टनेच बघावेत असा आग्रह धरला. त्याने त्याच संध्याकाळी बोलावलं. हेल्मेट फिरत होतं. त्या वयात डोक्याचा घेर महिन्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतो, एका ठिकाणी जागा संपली की हेल्मेट दुसरीकडे सरकतं आणि जिथे टेकायचं नाही तिथे टेकतं. त्याने फोम पेन्सिलीने आखला, यंत्रावर घासला, घालून पाहिलं, परत घासला. कातडी पूर्ववत होईपर्यंत आणखी एक दिवस डोकं मोकळं ठेवलं, मग पुन्हा तासातासाने सुरुवात. त्यानंतर भेटीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत लालपणा वाढायला लागला की आम्ही समजायचो, पोरगी वाढली.

बायको सकाळी कामावर जायची तेव्हा संशय घ्यायची, की मी फोटोंचं जरा अतिच करतो. असेल. पण विमा कंपनीने मधे एकदा 'वापर नियमित आहे का' असं विचारलं, तेव्हा हेच फोटो पुढे केले.

सप्टेंबरच्या शेवटी हेल्मेट सुटलं. शेवटच्या स्कॅनमध्ये फरक ५ मिलिमीटर होता. दुसरं हेल्मेट घेऊन तोही कमी करता येईल, असं सुचवलं गेलं, आम्ही नको म्हटलं. पहिल्या आठवड्यात तिने डोकं दोनदा टेबलाच्या कडेला आपटलं, कारण चार महिने आपटलं तरी काही लागत नव्हतं. उजव्या कपाळावर फोम टेकायचा तिथे एक गडद पट्टा उरला होता. सावळ्या त्वचेवर असा डाग लालपणा गेल्यावरही रेंगाळतो. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, काहीही लावू नका, उन्हात टोपी घाला, तो आपला आपण फिका होईल. दिवाळीच्या फोटोंत तो ओळखू येतो. संक्रांतीला बोरन्हाण केलं तेव्हाच्या फोटोंत मला माहीत आहे म्हणून दिसतो, बाकी कोणाला दाखवूनही दिसत नाही.