जुन्या गाडीत धुराचा वास कुठून येत होता

माझी पेट्रोल गाडी सतरा वर्षांची आहे, आणि लांबच्या प्रवासानंतर डोके जड होते ते थकव्यामुळे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. एकदा मागे बसलेली बहीण म्हणाली, "दादा, इथे धुराचा वास येतोय," आणि मग मी सावध झालो. गाडीच्या धुरात असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने डोके जड होऊ शकते, आणि त्याला रंगही नसतो आणि वासही नसतो. नाकाला जाणवतो तो सोबतच्या अर्धवट जळालेल्या इंधनाचा. म्हणजे वास नाही म्हणून धोका नाही, असे धरून चालता येत नाही. हा वायू मोजणारा, बॅटरीवर चालणारा एक मापक मी विकत घेतला आणि कारण सापडेपर्यंत गाडीत कोणालाही बसवायचे नाही असे ठरवले.

गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन चालू ठेवले. ब्लोअर बाहेरची हवा घेत असताना वास येई, आतलीच हवा फिरवू लागताच थांबे. तेव्हा एक गळती पुढेच, बॉनेटखाली होती. थंड इंजिन सुरू करताना येणारी आणि ते तापल्यावर विरणारी बारीक टकटकही त्याच दिशेची होती, कारण तापलेला धातू फुगून फट मिटवतो. मेकॅनिकला मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या, जोडापाशी काजळीचा पट्टा दिसला. जोड घट्ट बंद ठेवणारे गॅस्केट बदलले आणि उभ्या गाडीत मापक शून्यावर आला.

वेगात मात्र आकडा पुन्हा वर जाई, आणि खिडक्या उघडल्या की अधिकच. हे मला सुरुवातीला उलटेच वाटले. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, तिथे सायलेन्सरमधून निघालेला धूर घुटमळतो. उघड्या खिडकीतून आतली हवा बाहेर ओढली गेली की तिची जागा भरायला हाच धूर मागच्या फटींतून आत शिरतो. मेकॅनिकच्या सल्ल्याने डिकीचे रबर बदलले, पण फरक पडला नाही.

शेवटी एका रात्री डिकीतला गालिचा आणि स्टेपनी बाहेर काढली, पेटवलेला टॉर्च आत ठेवून झाकण लावले आणि गाडीभोवती फिरलो. डाव्या टेललॅम्पखाली उजेडाची एक रेघ दिसत होती, आणि वाकून पाहिले तर गाडीखालच्या जमिनीवर रुपयाएवढा ठिपका पडला होता: स्टेपनीच्या खळग्यातले रबरी बूच कधीतरी गळून पडले होते. दिवा उतरवला तेव्हा त्यामागचे फोमचे गॅस्केट बोटांत चुरा होऊन आले.

दोन्ही नवे बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, आधी काचा बंद ठेवून आणि मग उघडून गाडी चालवली. मापक शून्यावरून हलला नाही. डिकीच्या रबराचा खर्च तेवढा फुकट गेला.