सपाटीला पळते, चढाला मरते

रविवार, रात्री उशिरा

आप्पांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं दुखणं आज सापडलं. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

इंजिनचं पूर्ण काम त्यांनी बाहेरच्या एका गॅरेजात करून घेतलं होतं. बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, घासलेला क्रँक, नवी बेअरिंगं, ग्राइंड केलेले वॉल्व्ह. एवढा पैसा ओतून गाडी आली ती आधीपेक्षा वाईट चालणारी. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून झरी विनायकाच्या पुढचा चढ लागला की तिसऱ्यात दम सोडायची, दुसऱ्यात टाकली तरी कशीबशी वर यायची. एकदा गोळपच्या सड्यावर सपाटीला लागली की मात्र तक्रार नाही. आप्पा म्हणाले, "अरे, ह्यापेक्षा जुनं इंजिन बरं होतं. तेल प्यायचं, पण चढ तरी काढायचं."

माझ्याकडे येईपर्यंत कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाला, सगळ्यांनी हात लावून झाला होता. पेट्रोल सोडणारे जेट बदललेले, स्क्रू कुठल्या कुठे फिरवलेला. बाहेरून स्क्रूड्रायव्हर पोचतो तो तिथेच, म्हणून संशयही तिथेच जातो. मला हे पटत नाही. दम म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरातला दाब, नीट येतोय का, ठिणगी वेळेवर पडतेय का, हे कळल्याशिवाय पेट्रोलकडे वळू नये. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवावी, नाहीतर मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे पुढच्या माणसाला कधीच कळत नाही.

ठिणगीचं लवकर आटोपलं. पॉइंटचा गॅप बरोबर, कंडेन्सर ठीक, प्लगच्या वायरी सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने, एक-तीन-चार-दोन अशाच लावलेल्या. अर्थिंगची पट्टी तेवढी इंजिनच्या नव्या रंगावरच आवळलेली होती. इथल्या खाऱ्या हवेत अशी जागा लवकर गंज धरते, म्हणून खरवडून परत बसवली. चढावर फरक शून्य.

मग कॉम्प्रेशन. गेजवर चारही सिलिंडर शंभरच्या आसपास, आपसात फरक नावाला. हे आकडे बघून मी बराच वेळ थांबलो. एक वॉल्व्ह गळत असता तर एकच सिलिंडर पडला असता, हेड गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे गेलं असतं तर शेजारचे दोन. चारही सारखेच कमी म्हणजे चौघांना सामाईक असलेलं काहीतरी. आप्पांना आधी सांगितलं गेलं होतं, "रिंगा बसायला वेळ लागतो, हजारभर किलोमीटर चालवा." त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते उत्तर फसवं. तपासायला चमचाभर तेल पुरतं. प्लगच्या भोकातून तेल सोडून पुन्हा मोजलं. रिंगांचा दोष असता तर आकडा चांगलाच चढला असता. इथे जेमतेम हलला. इंजिनची ओढ दाखवणाऱ्या व्हॅक्युम गेजचा काटाही खालीच, पण स्थिर. थरथरला असता तर एखाद्या वॉल्व्हवर संशय घेतला असता.

आता बघायचं होतं ते वॉल्व्हचं टायमिंग, म्हणजे वॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात का ते. पुलीवरच्या खुणेवर मी विसंबत नाही. माडाच्या झावळीची एक हीर, म्हणजे बारीक काडी, घेतली, एक नंबरच्या प्लगच्या भोकात सोडली आणि पोराला हँडल सावकाश फिरवायला सांगितलं. हीर वर येते, क्षणभर थांबते, खाली जायला लागते. ती थांबते तिथे पिस्टन माथ्यावर. एक आणि चार नंबरचे पिस्टन बरोबरच वर येतात, म्हणून एक नंबर कॉम्प्रेशनवर माथ्याला असताना चार नंबरचा एक्झॉस्ट (धूर सोडणारा वॉल्व्ह) मिटत आलेला आणि इनलेट (चार्ज आत घेणारा) उघडायला लागलेला दिसला पाहिजे, दोन्ही जवळपास सारखेच दबलेले. झाकण काढून बघतो तर चार नंबरचा एक्झॉस्ट अजून चांगला दाबलेला आणि इनलेटची पुशरॉड (वॉल्व्ह ढकलणारी काठी) बोटांत मोकळी फिरतेय. टॅपेटची फट आधीच तपासली होती, ती बरोबर होती. म्हणजे वॉल्व्ह उघडणारा कॅमच मागे पडलेला.

रेडिएटर, पट्टा, पुली, पुढचं कव्हर, सगळं उतरवलं. क्रँक आणि कॅमच्या दोन्ही गराऱ्यांवरच्या (दातेरी चाकांवरच्या) खुणा समोरासमोर यायला हव्यात. त्यांना जोडणारी टायमिंग चेन एका दाताने चुकली होती. कॅम उशिरा चालला की इनलेट उशिरा मिटतो, कमी वेगात भरलेला चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) थोडा परत ढकलला जातो आणि नेमकी चढावर लागणारी ताकद जाते. वेग वाढला की तेवढं जाणवत नाही. सड्यावर का पळायची ते इथे कळलं.

चेन बसवताना ढिली बाजू हाताने ताणून धरली नाही, तर गरारी आत ढकलताना सरकते. तसंच झालं असावं. आज चेन लावल्यावर दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून पुन्हा हीर घालून बघितलं, वॉल्व्ह दाबणारे रॉकर हवे तसे. मग कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर एकशेतीसच्या वर.

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर हे इंजिन झोपेत बांधणारे मिस्त्री होते, तेही आता पांगले. म्हणून हे सगळं पोराला दाखवत, त्याच्या हातून करून घेत केलं. हीर दुसऱ्यांदा त्यानेच धरली.

उद्या नवीन गॅस्केट लावून कव्हर बंद करायचं. मग इग्निशन पहिल्यापासून लावायचं, कारण ताकद यावी म्हणून कोणीतरी डिस्ट्रिब्युटर बराच अ‍ॅडव्हान्स करून, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असा फिरवून ठेवलाय आणि आता तसाच ठेवला तर नॉकिंग होईल, इंजिन ठोकायला लागेल. जेट मूळचे घालायचे. आप्पांनी ते डबीत जपून ठेवलेत.