न दिसणाऱ्या ग्रहाची नोंद

आधीच सांगून टाकतो: घरच्या दुर्बिणीतून बाह्यग्रह, म्हणजे सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, दिसत नाही. दिसतो तो तारा. ग्रह त्याच्यासमोरून सरकतो, म्हणजे अधिक्रमण होतं, तेव्हा ताऱ्याचं तेज किंचित उतरतं. ते उतरणं मोजता आलं की ग्रह ‘पकडला’ असं आम्ही हौशी मंडळी म्हणतो. माझ्या ८ इंची दुर्बिणीने आणि साध्या मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्याने मी पकडलेला पहिला ग्रह म्हणजे एचडी १८९७३३ बी.

हाच का निवडला? पृथ्वीएवढा ग्रह पृथ्वीइतक्याच अंतरावरून सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश ०.०१ टक्काही घटत नाही, शिवाय पुढच्या अधिक्रमणासाठी वर्षभर थांबावं लागतं. गुरूएवढा ग्रह १ टक्का प्रकाश अडवतो. एचडी १८९७३३ बी आहे गुरूपेक्षा थोडा मोठा आणि त्याचा तारा सूर्यापेक्षा लहान, त्रिज्या सूर्याच्या जेमतेम पाऊण पट. त्यामुळे इथे घट जवळजवळ अडीच टक्के! अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षं, ताऱ्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ७.७, आणि जागा जंबुक तारकासमूहात डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी, म्हणजे शोधायला त्रास नाही. नवशिक्याने आणखी काय मागावं?

ग्रह ताऱ्यापासून जेमतेम ४६ लाख किलोमीटरवर आहे. सूर्य आणि बुध यांच्यातल्या सरासरी अंतराचा हा बारावा हिस्साही नाही. एक फेरी २.२ दिवसांत होते. वाटतं, दर दोन दिवसांनी संधी! प्रत्यक्षात दोन अधिक्रमणांत २ दिवस आणि सव्वापाच तासांचं अंतर असतं. आज रात्री ९ला झालं तर पुढचं दोन दिवसांनी मध्यरात्रीनंतर सव्वादोनला, त्यापुढचं सकाळी साडेसातला, मग भर दुपारी. त्यात तारा पुरेसा वर हवा आणि आकाश निरभ्र हवं. वेळापत्रक देणारी मोफत संकेतस्थळं आहेत. स्वतःचे अक्षांश-रेखांश टाकले की सोयीच्या रात्रींची यादी मिळते. माझी यादी छोटी होती आणि ढगांनी ती आणखी छोटी केली.

अधिक्रमण साधारण १ तास ५० मिनिटांचं असतं, पण तेवढंच टिपून भागत नाही. आधी आणि नंतर तासभर तरी तारा ‘सपाट’ दिसायला हवा, नाहीतर घट कशाच्या तुलनेत मोजणार? म्हणजे चार तासांची बैठक. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलं. मग फोकस मुद्दाम बिघडवला. सुंदर फोटो काढणाऱ्यांना हे पाप वाटेल, पण टोकदार तारा मोजक्या पिक्सेलवर पडतो, ते पिक्सेल लगेच भरून जातात आणि मोजमाप बाद होतं. प्रकाश पसरवला की एक्स्पोजर लांबवता येतं आणि हवेमुळे होणारी लुकलुकही सरासरीत बरीच विरते. कॅमेऱ्यापुढे लाल फिल्टर लावला, कारण निळा प्रकाश वातावरणात जास्त विखुरतो आणि तारा कलू लागला की झपाट्याने मंदावतो.

खरी मदार असते तुलनेच्या ताऱ्यांवर. त्याच चौकटीतले, शक्यतो तितकेच तेजस्वी आणि तशाच रंगाचे स्थिर तारे निवडायचे. विरळ ढग आला तर सगळेच एकदम मंदावतात आणि आपल्या ताऱ्याच्या तेजाचं त्यांच्याशी गुणोत्तर तेवढंच राहतं. मधेच एक पातळ ढग आलाही. कच्च्या आकड्यांत केवढा मोठा खड्डा, पण गुणोत्तरात त्याची नुसती पुसट खूण. एवढ्या तेजस्वी ताऱ्याच्या जवळ तोलामोलाचा शेजारी मिळत नाही, म्हणून मी जरा मंद अशा अनेक ताऱ्यांची बेरीज वापरली. हे काम मला निरीक्षणापेक्षाही रंजक वाटलं.

रात्रभर पडद्यावर काहीच घडत नाही, हेही सांगायला हवं. तीच चौकट, तेच ठिपके. तेव्हा मी या ग्रहाबद्दल वाचत बसलो. २००७ साली स्पिट्झर दुर्बिणीने याच्या तापमानाचा नकाशा काढला: दिवसाची बाजू सुमारे ९४० अंश सेल्सियस, रात्रीची सुमारे ७००. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते, तरी काळोखी बाजू एवढी तापलेली, कारण सेकंदाला २ किलोमीटरच्या आसपास वाहणारे वारे उष्णता पलीकडे नेतात. २०१३मध्ये हबलच्या निरीक्षणांतून त्याचा रंग गडद निळा असल्याचं कळलं. तो निळेपणा पाण्याचा नाही, वातावरणातल्या सिलिकेटच्या कणांचा असावा असं मानतात. आणि २०२४मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तिथे हायड्रोजन सल्फाइड सापडलं, म्हणजे कुजक्या अंड्यांचा वास!

पुढचं काम दिवसाउजेडी. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) फ्रेम वापरून कॅमेऱ्याचे आणि धुळीचे दोष काढले, अ‍ॅस्ट्रोइमेजजे या मोफत प्रणालीत प्रत्येक ताऱ्याभोवती वर्तुळ आखून प्रकाश मोजला. पहिला आलेख म्हणजे ठिपक्यांचा विखुरलेला थवा. पाच-पाच मिनिटांची सरासरी घेतली, तारा कलताना येणारा उतार वजा केला आणि मग तो खळगा वर आला: सावकाश उतरणारी कड, गोलसर तळ, पुन्हा चढ. खोली २.४ टक्क्यांच्या जवळपास. तिचं वर्गमूळ काढलं की ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या साधारण साडेपंधरा टक्के निघते. वहीवर हा हिशेब मी उगाचच पुन्हा पुन्हा केला.

वेळेची एक दुरुस्ती राहिली होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या कधी जवळ असते, कधी दूर, त्यामुळे प्रकाश काही मिनिटं लवकर किंवा उशिरा पोचतो. म्हणून वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरची धरतात. ती दुरुस्ती केल्यावर माझा मध्यबिंदू भाकितापासून अगदी थोडा हटलेला होता, तोही मोजमापातल्या संभाव्य चुकीच्या मर्यादेतच.

नासाच्या एक्झोप्लॅनेट वॉच या उपक्रमात अशा नोंदी गोळा होतात. भ्रमणकाळातली क्षुल्लक चूकही वर्षानुवर्षं साठत जाते आणि मोठ्या दुर्बिणीचा मोलाचा वेळ चुकीच्या तासाला खर्च होऊ शकतो. हौशी नोंदींनी वेळापत्रक ताजं राहतं. एचडी १८९७३३ बीचं वेळापत्रक इतक्यांनी घासूनपुसून ठेवलंय की माझ्या नोंदीने त्यात फारशी भर पडली नसेल. म्हणून आता ११व्या-१२व्या प्रतीच्या ताऱ्यांभोवतीचे, फारसं कुणी न बघितलेले तप्त वायुग्रह हेरून ठेवलेत. तिथे घट निम्म्यावर येणार, आणि फोकस एवढा बिघडवून चालणार नाही.