तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन मळतं, मग तुम्ही काय करता?

फरसाणच्या कंपनीत मिक्सिंगला आहे म्हटलं की लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, पीठ तर मशीन मळतं ना, मग तुम्ही काय बटण दाबून बसता का? परवा नणंदेनेही हेच विचारलं आणि तिला दोन वाक्यांत काही सांगता येईना, म्हणून नीट लिहिते.

मी भोसरी एमआयडीसीत आहे, आधी पॅकिंगला होते, मिक्सिंगला आता पाच वर्षं झाली. शेवेची आमची एक बॅच 50 किलो बेसनाची. बेसन आधी चाळायचं, मग मॅग्नेटवरून सोडायचं कारण गिरणीतून लोखंडाचा बारीक कण येऊ शकतो. मीठ कधीच कोरडं टाकायचं नाही, पाण्यात विरघळवूनच, नाहीतर एक घास खारट आणि एक आळणी. मग मोहन, मग पाणी. आणि खरं काम पाण्याचं आहे.

कार्डावर पाण्याचं माप लिहिलेलं असतं, पण बेसन काय कार्ड वाचत नाही. उन्हाळ्यात ते कोरडंठाक, आणि जुलैत पोत्यात हात घातला तरी गार, दमट लागतं. 9 टक्के ओलाव्याचं बेसन 12 वर गेलं तर 50 किलोत दीड लिटर पाणी आधीच आलेलं असतं, आणि तुम्ही वरून कार्डाप्रमाणे पूर्ण ओतलंत की झालं, पीठ सैल. सैल पिठाची शेव तळताना जास्त तेल पिते, एकमेकींना चिकटते, आणि घट्ट झालं तर साच्यातून नीट उतरत नाही, तुकडे पडतात. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी कार्डावर विश्वास ठेवून सलग दोन बॅच सैल केल्या, तळणीवरचे काका काही बोलले नाहीत, फक्त तेलकट शेव माझ्या हातावर ठेवली. ते फार लागलं मनाला. तेव्हापासून दोन लिटर पाणी मागे ठेवते, मशीन थांबवून गोळा हातात घेते, मुठीत दाबते, बोटांचे ठसे स्वच्छ उमटले आणि हाताला चिकटलं नाही तरच ठीक, नाहीतर अर्धा अर्धा लिटर करत जाते.

अजून एक, बेसनात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे जास्त मळून काही ताण येत नाही, आणि भिजवलेलं पीठ ठेवून दिलं की सैल, चिकट होत जातं. म्हणून तळणी तयार आहे का विचारल्याशिवाय मी पुढची बॅच भिजवतच नाही, सुपरवायझर कितीही घाई करू दे. भाकरवडीला मैदा लागतो, त्याच मिक्सरवर नंतर शेव घ्यायची तर सगळं धुवून, पुसून, कोपऱ्याकोपऱ्यात बॅटरी मारून बघायचं, कारण गहू न चालणारी माणसंही शेव खातात.

आणि मशीन थांबवून हात घालायचा हे मी मुद्दाम सांगते. झाकण उघडलं की मिक्सर आपोआप बंद पडतो, पण घाईत झाकणाचं ते स्विच दाबून बांधून ठेवणारे मी पाहिलेत, आधीच्या कंपनीत एका मुलाची दोन बोटं तशीच गेली, विशीतला पोरगा. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्रसुद्धा मी लॉकरमध्ये ठेवते. सासूबाईंना आधी ते आवडलं नव्हतं, मग एकदा मिक्सरचा हात फिरताना त्यांना व्हिडिओत दाखवला, आता त्याच निघताना विचारतात, काढलंस का गं?

दिवाळीला घरी शेव करणार असाल तर एवढं करा, मिठाचं पाणी आधी करून घ्या आणि शेवटचं अर्धी वाटी पाणी एकदम ओतू नका, सोऱ्यात भरायच्या आधी एक छोटा गोळा मुठीत दाबून बघा.