कुलूप दोन वेळा लावणारा थ्रेड

वजनकाट्याचे आकडे सीरियल पोर्टवरून वाचणारा आमचा सी प्रोग्रॅम विंडोजवर सहा वर्षं बिनतक्रार चालला. लिनक्सवर न्यायचं ठरलं तेव्हा मी एक छोटी हेडर फाइल (सगळीकडे जोडायचा सामाईक कोड) केली. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे थ्रेड एकाच गोष्टीला एकदम हात लावू नयेत म्हणून कुलूप, म्हणजे लॉक, लागतं: विंडोजवर क्रिटिकल सेक्शन, बाकीकडे पीथ्रेड (लिनक्स-मॅकवरची थ्रेडची लायब्ररी) म्युटेक्स. अर्ध्या दिवसाचं काम. पहिल्याच चाचणीत प्रोग्रॅम गप्प. क्रॅश नाही, एरर नाही, सीपीयू शून्यावर.

जीडीबी हा डीबगर लावून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय त्याच्या याद्या, काढल्या. एक थ्रेड ज्या लॉकची वाट बघत होता, तो त्याच्याच हातात होता. नोंद करणारं फंक्शन लॉक घ्यायचं आणि फाइल बदलणाऱ्या फंक्शनला बोलवायचं. ते पुन्हा तोच लॉक मागायचं. क्रिटिकल सेक्शन मालकाला परत आत घेतं, फक्त मोजणी वाढवतं. लिनक्सचा साधा म्युटेक्स मालकालाही दारात उभा करतो. चूक आमचीच, विंडोज ती सहा वर्षं पोटात घालत होतं.

आळस केला आणि म्युटेक्स रिकर्सिव्ह, म्हणजे मालकाला परत आत घेणाऱ्या, प्रकारचा करून मोकळा झालो. दोन दिवसांनी पुन्हा अडकला, या वेळी रांगेसाठी मी नव्याने घातलेल्या कंडिशन व्हेरिएबलवर (रांगेत काही येईपर्यंत थ्रेडला झोपवून ठेवणारी सोय). वाट बघायला बसताना ते लॉक एकदाच सोडतं. आमच्या थ्रेडने घेतला होता दोनदा, म्हणून तो सुटलाच नाही. मग मात्र नीट बसलो. बाहेरून बोलवायची फंक्शनं लॉक घेतील, आतली घेणार नाहीत. विंडोजवरही क्रिटिकल सेक्शनऐवजी व्हिस्टापासून असलेला एसआरडब्ल्यू लॉक वापरला, कारण तोही दुसऱ्यांदा घेऊ देत नाही. अशी चूक आता माझ्याच टेबलावर अडकते, गिऱ्हाइकाकडे नाही.

टाइमआउटने, म्हणजे थांबायच्या मुदतीने, वेगळाच हिसका दाखवला. विंडोजला 'किती मिलिसेकंद थांबू' सांगायचं, पीथ्रेडला 'घड्याळात किती वाजेपर्यंत'. मी ५०० मिलिसेकंद तसेच भरले. ते घड्याळ १ जानेवारी १९७० पासून मोजतं, म्हणून त्याचा अर्थ झाला तो दिवस उजाडून अर्धा सेकंद होईपर्यंत. ती वेळ केव्हाच गेलेली, म्हणून थ्रेड न थांबता गरगरत राहिला आणि लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला. लिनक्सवर मोनोटोनिक, म्हणजे कधी मागे न जाणारं, घड्याळ लावलं. मॅकवर कंडिशन व्हेरिएबलचं घड्याळ बदलायची सोयच नाही. तिथे ॲपलचं स्वतःचं, 'इतका वेळ थांब' म्हणणारं फंक्शन वापरलं. वेळ संपेपर्यंत लॉक मागणारं फंक्शनही मॅकवर नाही, म्हणून ते हेडरमधूनच काढून टाकलं. त्याची आठवण अजून कुणाला झालेली नाही.