तुम्ही विचारलंत म्हणून: अजून असिस्टंटच?

"मॅडम, इतकं छान शिकवता, मग अजून असिस्टंट प्रोफेसरच कशा?" इंटर्न विचारतात, लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात. परवा सोलापूरच्या नवी पेठेत साड्या बघताना एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईनंही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी असोसिएट प्रोफेसर या वरच्या पदासाठी अर्ज केला तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२२ चे नियम लागू होते. असिस्टंट म्हणून ४ वर्षं, ठरावीक सूचींतल्या जर्नलमध्ये २ पेपर, शिवाय संशोधनाचा एक आणि वैद्यकीय शिक्षणाचा एक असे बेसिक कोर्स. पेपरवर नाव पहिल्या तिघांत हवं, नाहीतर तुम्ही करस्पॉन्डिंग ऑथर (पेपरबाबत जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) तरी हवं. माझ्या दुसऱ्या पेपरवर माझं नाव चौथं. झालं, फाइल परत! शिकवण्याची वर्षं मोजली, कोर्सचं सर्टिफिकेट बघितलं. शिकवते कशी, याला रकानाच नव्हता.

आता एक सकाळ सांगते. मेडिसिनचा वॉर्ड. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, घरात तेलुगू, मराठी कामापुरतं. केस घेणाऱ्या मुलानं वहीत लिहिलं होतं, 'श्रमानंतर धाप नाही.'

"विचारलंस कसं?"

"चालल्यावर धाप लागते का, असं. नाही म्हणाले."

"चालायला जातात कुठं ते? मागाचं विचार की."

बराच वेळ त्याला काही सुचेना. मी गप्प उभी. (शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम हेच, तोंड बंद ठेवणं.) मग तो म्हणाला, "काका, आधी किती माग बघायचा?"

"आठ."

"आणि आता?"

"चार. शेठला सांगितलं, जमंना."

पोरानं मुकाट्यानं ती ओळ खोडली. नंतर छाती तपासताना काकांना डाव्या कुशीवर वळायला त्यानंच सांगितलं आणि स्टेथोस्कोपची बेल (वाटीसारखी बाजू) लावून मायट्रल या हृदयाच्या झडपेचा मर्मर, म्हणजे जादा आवाज, शोधला. मी एक शब्द बोलले नाही. या पाऊण तासाची नोंद म्हणजे लॉगबुकात, विद्यार्थ्याच्या कामाच्या नोंदवहीत, माझी एक सही.

संशोधनाशी माझं भांडण नाही. पेपर मोजता येतो, शिकवणं मोजणं कटकटीचं, हेही कबूल. नुसत्या विद्यार्थ्यांच्या फीडबॅकवर गेलं तर हजेरीला सैल सोडणारे सर पहिले येतील. पण कटकट आहे म्हणून रकानाच नको? अध्यापन हीसुद्धा विद्वत्ताच, असं अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच मांडलं. तिकडं अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीच्या अर्जाला शिकवण्याची फाइल जोडतात. काय शिकवलं, परीक्षा कशी घेतली, चुकलं ते कसं बदललं, सहकाऱ्यानं वर्गात बसून काय पाहिलं, सगळं त्यात. आपल्याकडं एमबीबीएसच्या २०१९ च्या बॅचपासून नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा) आला, त्याबरोबर लॉगबुकं आणि छोटे गट आले. आमच्याकडं तो गाडा ओढणारे बहुतेक असिस्टंटच.

माझ्याकडं अशी एक फाइल आहे, कुणी मागितलेली नाही तरी. त्यात मी बनवलेली ओस्कीची (टप्प्याटप्प्यानं घ्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) १४ स्टेशनं आहेत, दोन फसलेली धरून. त्या खोडलेल्या ओळीची झेरॉक्सही आहे, पेशंटचं नाव झाकून.

आणि हो, नवा पेपर पाठवलाय. या वेळी नाव पहिलं आहे. तो लिहून काढायला गेल्या महिन्यात सकाळची तीन बेडसाइड क्लिनिक, म्हणजे पेशंटच्या खाटेपाशी घ्यायचे असेच तास, रेसिडेंटवर सोपवली.